पक्षी टिपू की डोंगर? पुण्यातल्या एका हौशी छायाचित्रकाराला उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारे कोथरूडला राहतात. वर्षभरापूर्वी क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी आणि 150-600 मिमीची झूम लेन्स घेतली. शनिवार-रविवारी सिंहगड व्हॅली, कवडी, भिगवण; पावसाळ्यात ताम्हिणी आणि कास. तक्रार अशी की पक्ष्यांचे फोटो पासपोर्टच्या फोटोसारखे येतात आणि डोंगरांचे कॅलेंडरच्या पानासारखे. तेव्हा वन्यजीव आणि निसर्गदृश्य यांतलं एकच काहीतरी धरावं का? आणि पुढची लेन्स कोणती घ्यावी?

लेन्सचं शेवटी बघू, त्याला फारसा वेळ लागणार नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एक धरू नका. तुम्ही ज्या दोन तक्रारी सांगता त्यांचं मूळ एकच आहे. पक्ष्याच्या फोटोतून तुम्ही जागा काढून टाकता आणि जागेच्या फोटोत कुणी राहतं याचा पत्ता लागू देत नाही. पुण्याच्या आसपास तर ही फारकत करणं मला चुकीचंच वाटतं, कारण इथला जवळजवळ प्रत्येक प्राणी-पक्षी माणसाने बदललेल्या जमिनीवर जगतो. ती जमीन फ्रेमबाहेर ठेवली की उरतो तो एक नमुना. फोटो रेखीव येतो, पण त्यावरून तो भिगवणला काढला की भरतपूरला, हे कुणाला सांगता येणार नाही.

कवडीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही जाताच. सोलापूर रस्त्यावरचा तो जुना बंधारा, हिवाळ्यातली सकाळ, पाण्यावर धुकं, चक्रवाकांच्या जोड्या, शेकाटे, शराटी. आणि मुळा-मुठेवर तरंगणारा पांढराशुभ्र फेस. बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: फेस क्रॉप करतात, किंवा तोच फेस ‘ढगांतून उतरलेला बगळा’ म्हणून रोमँटिक करून टाकतात. मला दोन्ही पटत नाही. तो शहराच्या सांडपाण्याचा फेस आहे आणि बगळा त्यात उभा राहून खातो आहे. हे चित्रात वाचता आलं पाहिजे. त्यासाठी 600 मिमीवरून 250-300 वर या, बंधाऱ्याची दगडी कड आणि त्याला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या कोपऱ्यात येऊ द्या, आणि सूर्य बाजूला ठेवा. समोरून प्रकाश आला की फेस आणि बगळा दोन्ही एकसारखे पांढरे पडतात, कशातच पोत राहत नाही. पांढऱ्या पक्ष्यावर कोवळं ऊन आणि मागे काळपट पाणी असेल तर मीटर फसतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटत नाही ना ते बघा. पिसांतला तपशील एकदा जळला की रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधूनही) परत येत नाही.

हेच पाणी पुढे भीमेला मिळतं आणि उजनीत जाऊन थांबतं. भिगवणला जाताना हे डोक्यात असलं की तिथलं दृश्य वेगळं दिसायला लागतं. उजनीचं धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या पाण्यात गावं गेली, शेतं गेली, पळसदेवचं जुनं देऊळ गेलं. आज आपण ज्याला ‘भिगवणचं बॅकवॉटर’ म्हणतो ती बुडालेली शिवारं आहेत. रोहित पक्षी तिथे येतो तो उथळ पाण्यासाठी. त्याची चोच उलटी धरून चाळणीसारखं काम करते, त्यामुळे खोल पाण्यात त्याची पंचाईत होते. धरणाचं पाणी कालव्यांनी आणि नदीत सोडून जसजसं कमी होत जातं, तसतसा गाळ उघडा पडतो आणि कडेचं पाणी त्याला हवं तितकं उथळ होतं. म्हणून नुसतं ‘डिसेंबर-जानेवारी सीझन’ एवढं लक्षात ठेवून निघू नका. पाऊस जोरदार होऊन धरण काठोकाठ भरलेलं असेल त्या वर्षी जानेवारीत रोहित दूर आणि विखुरलेले सापडतील, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गाळ उघडल्यावर बरी संधी मिळेल. निघण्याआधी उजनीचा पाणीसाठा किती टक्के आहे ते बघा, वर्तमानपत्रात येतो. हवामानाच्या अ‍ॅपपेक्षा तो आकडा जास्त उपयोगी पडतो.

आता फ्रेमचं. कुंभारगाव किंवा डिकसळच्या बाजूने होडीत बसलात की नावाडी दादा तुम्हाला थेट पक्ष्यांकडे नेतील, कारण गिऱ्हाईकांना तेच हवं असतं. त्यांना आधीच सांगा की जवळ जायचं नाही, थोडं लांब थांबायचं आहे. हे सांगितल्यावर पहिल्यांदा ते तुमच्याकडे जरा संशयाने बघतात, पण मग तेच चांगल्या जागा दाखवायला लागतात: बुडालेल्या बाभळीचे वाळके बुंधे कुठे आहेत, गाळपेर (पाणी उतरल्यावर गाळात केलेली पेरणी) कुठे केली आहे, पट्टकादंबांचे थवे सकाळी कुणाच्या हरभऱ्यात उतरतात. हिमालय ओलांडून आलेला पट्टकादंब हरभऱ्याच्या वाफ्यात, आणि मागे मोटारीचा पाइप खांद्यावर टाकून चाललेला शेतकरी: हा फोटो फक्त इथेच मिळतो. पाणी पुष्कळ उतरलं की पळसदेवच्या देवळाचं शिखर वर येतं, मग सगळं देऊळ. शिखर पाण्याबाहेर असताना आजूबाजूला कुरव आणि नदीसुरय उडत असतात. त्या वेळी फक्त सुरयाच्या मागे 600 मिमी फिरवत बसणं म्हणजे समोरची सगळी गोष्ट वाया घालवणं.

यासाठी एक सवय मोडावी लागेल. लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) कायम पूर्ण उघडं ठेवून पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळवायची, हे सगळीकडे शिकवलं जातं. जागा दाखवायची असेल तर उलटं करा. 250-300 मिमी, एफ 11, म्हणजे छिद्र बारीक. शंभर मीटरवरच्या रोहितांवर फोकस केलात तरी पाचशे मीटरवरचं शिखर पूर्ण टोकदार येणार नाही, पण ते शिखर आहे हे कळेल, आणि तेवढंच हवं असतं. एफ 11 वर उजेड कमी पडतो म्हणून लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. उभ्या पक्ष्याला 1/2000 सेकंदाचा शटर कशाला लागतो? जमिनीवरून 1/500 पुष्कळ झालं. होडीत मात्र 1/1000 च्या खाली जाऊ नका, कारण तिथे पक्षी स्थिर असला तरी तुम्ही नसता. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 1600 किंवा 3200 जाऊ द्या. थोडा रवाळपणा आजच्या सॉफ्टवेअरने निघतो, हललेला फोटो कशानेही सरळ होत नाही. उडत्या पक्ष्यासाठी 1/1600 पासून वर, तेव्हा अ‍ॅपर्चर उघडा. सगळ्या गोष्टी एका फ्रेममध्ये मिळत नसतात.

होडीत ट्रायपॉड नेऊ नका. मांडीवर कोपर टेकवून, शक्य तितकं खाली वाकून काढा. पाण्याच्या पातळीजवळून काढलेल्या फोटोत क्षितिज पक्ष्याच्या मागे येतं, उभं राहून काढलेल्यात नुसतं पाणी.

आता माळ. माझ्या मते पुण्याच्या निसर्ग-छायाचित्रणाचं खरं घर घाटात नसून पूर्वेला आहे: सासवडपासून सुपे, मोरगाव, बारामती, इंदापूरपर्यंतचा गवताळ पट्टा. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल, आणि हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा तिथे डोळ्यासमोर दिसतो. वनविभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ इथे माळावरची सफारीही सुरू केली आहे. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी, कारण स्थानिक गाइड बरोबर असतो आणि गाडी ठरलेल्या वाटेवरून जाते.

माळावरून परत येणारे बहुतेक जण म्हणतात, ‘तिथे काही नाहीच हो.’ कागदोपत्रीही या जमिनीला कितीतरी ठिकाणी पडीक म्हटलेलं आहे. म्हणूनच तिथला फोटो काढणं अवघड आणि मोलाचं आहे. डोंगराला आकार असतो, धबधब्याला हालचाल असते. माळाला आडवी रेघ आणि रंग एवढंच. तिथे प्रकाशावाचून काहीही उभं राहत नाही. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहिला तासभर तो कुसळीच्या तुऱ्यांमधून आडवा येतो आणि प्रत्येक काडी वेगळी दिसते. तेव्हा सूर्य समोर घ्या, पाठीशी नको. लांडग्याचा रंग वाळक्या गवताचाच असतो, तुमच्या पाठीमागून उजेड पडला तर तो गवतात हरवून जातो. त्याच्या मागून उजेड आला की कानांना आणि पाठीला चमकती कड येते आणि तो चिमुकला असूनही फ्रेममध्ये सापडतो. मागून येणाऱ्या उजेडात लेन्सला हूड हवाच.

नऊ-साडेनऊनंतर, उन्हाळ्यात त्याच्याही आधी, जमिनीलगतची हवा तापून थरथरायला लागते. या थरथरीत दोनशे मीटरवरचा लांडगा कितीही महागड्या लेन्सने टिपला तरी तो भिजलेल्या चित्रासारखाच येणार. लोक मग लेन्स सर्व्हिसिंगला टाकतात. लेन्सला काही झालेलं नसतं. त्या वेळी लांबचा नाद सोडा, झाडाच्या सावलीत बसा, धनगर मामांशी बोला.

हे बोलणं सगळ्यात महत्त्वाचं. माळावरचा लांडगा मेंढ्यांच्या कळपाभोवती जगतो. कळप कुठे बसला होता, रात्री कुत्री कुणीकडे भुंकली, कोकरू कुठे उचललं गेलं, हे त्यांना पाठ असतं. पण ‘लांडगा कुठे दिसेल?’ असा धाडकन प्रश्न टाकून सुरुवात करू नका. ज्याचं कोकरू गेलं त्याला लांडग्याचं कौतुक का असावं? राम राम करा, मेंढरं कुणीकडून आणली, पाण्याची सोय कशी आहे ते विचारा. बाकीचं आपोआप निघतं. आणि फोटो काढताना मेंढ्यांना फ्रेमबाहेर ढकलू नका. पुढे धुळीत चाललेला कळप, कळपाच्या कडेने काठी खांद्यावर घेतलेला धनगर, आणि पार मागे रेघेवर उभा राहून बघणारा लांडगा, असं मिळायला कितीतरी फेऱ्या होतील आणि कदाचित मिळणारही नाही. पण वाट बघायची तर याची बघावी. लांडग्याच्या डोळ्यातली चमक जगभरच्या लोकांनी टिपून ठेवली आहे.

गाडी हाच तुमचा आडोसा. इंजिन बंद करा, त्याची थरथर लेन्सपर्यंत येते. खिडकीच्या काचेच्या कडेवर तांदूळ किंवा मोहरी भरलेली बीनबॅग ठेवा. खाली उतरलात की दिसत असलेला प्राणी गेलाच समजा. दोन पायांचा आकार त्यांना पक्का ओळखता येतो. गाडी वाटेवरून खाली घालू नका. टिटवी, धाविक, चंडोल यांची अंडी उघड्यावर, जमिनीवरच असतात आणि ती दिसू नयेत म्हणूनच तशी रंगलेली असतात. चाकाखाली काय गेलं हे तुम्हाला कधी कळणारही नाही. हिवाळ्यात लांडग्यांना पिल्लं असतात. बिळाची जागा कळली तरी तिकडे फिरकू नका आणि कुणाला सांगूही नका, ‘फक्त एका मित्राला’ सुद्धा नाही. त्या मित्राला एक मित्र असतो. फोटो टाकताना मोबाइल किंवा कॅमेऱ्याने आत साठवलेलं जीपीएस काढून टाका.

सिंहगड व्हॅलीबद्दल माझं मत थोडं कडू आहे. उन्हाळ्यात तिथल्या पाणवठ्यावर स्वर्गीय नर्तक आणि निळे माशीमार अंघोळीला येतात हे खरं, आणि नवशिक्याला फोकस शिकायला तशी जागा नाही. पण सोयीच्या उंचीवर खोचलेली शेवाळलेली काटकी, तिच्यामागे ठेवलेल्या अळ्या, मोबाइलवर वाजवलेली हाक, आणि एकाच कोनातून पंधरा लेन्स: त्या फोटोंत पक्षी खरा असतो, बाकी सगळं मांडलेलं. विणीच्या दिवसांत हाक वाजवली की नर आपली हद्द राखायला पुन्हापुन्हा धावून येतो, तेवढा वेळ पिल्लांच्या पोटातला जातो. तिथे जाऊ नका असं म्हणत नाही. लांब बसा, ओढा फ्रेममध्ये घ्या, कुणी हाक वाजवायला लागलं तर उठून या. त्यापेक्षा तुमच्या घराजवळची वेताळ टेकडी बघा. खाणीच्या कड्यावर बसलेला शिक्रा किंवा मोर आणि मागे पौड रस्त्याच्या इमारती, हे घरातून चालत जाऊन रोज बघता येतं. रोज बघितल्यावरच कळतं की तो पक्षी कुठल्या दगडावर, कुठल्या वेळी येतो. मग कॅमेरा लावून आधीच बसता येतं आणि शहराच्या पार्श्वभूमीचा कोन निवांत निवडता येतो.

पावसाळ्याचं पाहू. कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, आणि तेव्हापासून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे फुलांइतकीच माणसं असतात. गर्दीचा राग सोडून द्या, आठवड्याच्या मधल्या दिवसाचं बुकिंग करा आणि फुलांचा गालिचा दाखवण्याचा हट्टही सोडून द्या. एक फूल धरा: सीतेची आसवं. जांभळं, नखाएवढं. हे झाड कीटकभक्षी आहे. त्याच्या बुडाशी बारीक फुगे असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत अडकतात. कारण जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या सपाटीवर) मातीचा जेमतेम थर, त्यात नत्र नाहीच, वर पावसाचं पाणी साचलेलं. म्हणजे फुलाखालची ती पाण्याची पातळ फिल्म आणि उघडा कातळ हेच त्या फुलाचं कारण आहे. मॅक्रो लेन्सने फूल पाकळीसकट भरून काढलंत तर हे कारणच गेलं. वाइड लेन्स घ्या, 16 ते 20 मिमी, तिच्या किमान अंतरापर्यंत, म्हणजे वीत-दीड वीत जवळ जा, एफ 11 ठेवा. पुढे फूल मोठं, खाली पाणी आणि कातळ, मागे धुक्यात विरत जाणारा सडा. फोकस फुलावरच. आडवं पडायचं तर वाटेवरच पडा. फुलांवर झोपून फुलांचा फोटो काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

ओल्या पानांवरची पांढरी चमक काढायला पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा फिरता फिल्टर, लागतो. ताम्हिणीत तो लावल्यावर हिरवा रंग एकदम खोल होतो. सूर्याशी काटकोनात त्याचा परिणाम सर्वांत जास्त, आणि अगदी वाइड लेन्सवर निळं आकाश असेल तर आकाशाचा एक पट्टा विचित्र गडद येतो. ढगाळ दिवशी ती भानगड नाही. धबधबे दुधासारखे करायची हौस एकदा भागवून घ्या आणि मग 1/4 सेकंदाच्या आसपास थांबा. तेवढ्यात पाण्याचा ओघ कळतो आणि वजनही राहतं. ओला कॅमेरा घरी आणून बॅगेत तसाच बंद ठेवला की लेन्सच्या काचेवर बुरशी चढते. सिलिका जेल घातलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, नाहीतर ड्राय कॅबिनेट, आर्द्रता चाळीस-पन्नास टक्के. एसी गाडीतून थेट बाहेर धुक्यात काढलेली लेन्स बाष्पाने पांढरी होते. घाटात शिरण्याआधीच एसी बंद करून काचा उघडा.

भीमाशंकरला शेकरूच्या मागे जाल तेव्हा एवढंच: तो सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो. म्हणून जोडलेल्या फांद्यांचं छत दाखवलंत तर शेकरूचा फोटो झाला. मागे उजळ आकाश असतं, एक्स्पोजर एक ते सव्वा स्टॉप वर घ्या, नाहीतर तांबूस अंगाचा काळा ठसा येईल.

संपादनात हवेतला धूसरपणा काढणारा स्लायडर जपून वापरा. हिवाळ्यातल्या माळावर धूळ असतेच, सगळी पुसलीत तर सकाळही पुसली जाते. विजेचा खांब, टॉवर, उसाची मळी वाहणारा ट्रॅक्टर सॉफ्टवेअरने काढू नका. निसर्ग-छायाचित्रणाच्या स्पर्धांत मूळ रॉ फाइल मागतात हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण असं की पंधरा वर्षांनी तो माळ राहिला नाही तर तिथे काय काय होतं हे तुमच्याच फोटोवरून कुणीतरी शोधत असेल. फाइलला तारीख आणि गावाचं नाव लावून ठेवा. लांडगा-घुबडांच्या बाबतीत नेमकी जागा खाजगी नोंदीतच.

राहिली लेन्स. मोठी प्राइम (झूम नसलेली, एकाच फोकल लेंथची लेन्स) घेऊ नका, तुमचं दुखणं 600 मिमी कमी पडण्याचं नाहीच. वर सांगितलेल्यातलं बरंचसं 150-600 च्या खालच्या अर्ध्या भागात होतं. तुमच्याकडे कमी आहे ते वाइड: क्रॉप सेन्सरला 10-20 च्या आसपासची कुठलीही साधी लेन्स चालेल, जुनी सुद्धा. मी सांगितलेला 16-20 मिमीचा हिशेब फुल फ्रेमचा होता, तुमच्या बॉडीवर तो 10-13 धरा. पुण्यात कॅमेऱ्याची भाड्याची दुकानं पुष्कळ आहेत. सप्टेंबरात दोन दिवसांसाठी भाड्याने आणा, सड्यावर वापरा, आणि किमान किती जवळून फोकस होतो ते दुकानातच पट्टीने मोजून घ्या. हे अंतर जाहिरातीत छापलेलं असतं, पण ते सेन्सरपासून धरलेलं असतं, काचेपासून नाही.